पावणेअकरा फूट आडवं, चार फूट उभं: पत्रा किती फुटी मागवायचा?

देवरुखबाजू (प्रश्न)

गोठ्यावर दोन पाखांचं पत्र्याचं छप्पर करायचं आहे. मापं अशी: भिंतीच्या बाहेरून बाहेर रुंदी २१ फूट ६ इंच, लांबी ३० फूट. आढं (दोन्ही पाखांचे उतार वर मिळतात ती कड) बरोबर मध्यावर, भिंतीच्या माथ्यापासून ४ फूट उंच. वळचण दोन्हीकडे आडवी दीड फूट पुढे हवी, म्हणजे पागोळ्या भिंतीच्या पायात पडणार नाहीत.

एका पाखाला किती लांब पत्रा लागेल, याची तीन उत्तरं हातात आहेत.

माझं: अर्धी रुंदी १० फूट ९ इंच. १०.९² + ४² = ११८.८१ + १६ = १३४.८१, वर्गमूळ ११.६१. त्यात वळचणीचे दीड फूट मिळवून १३.११, म्हणजे १३ फूट ११ इंच.

भाच्याचं (दहावीत आहे): १०.७५ अधिक १.५ बरोबर १२.२५. मग १२.२५² + ४² = १६६.०६, वर्गमूळ १२.८९.

फॅब्रिकेटरचं: "चौदाचे मागवा, उरेल ते कापू."

पत्रा हव्या त्या लांबीला कापून मिळतो आणि पैसे फुटावर लागतात, त्यामुळे "उरेल ते कापू" मला नको आहे. कुणाचं बरोबर?

आणखी एक. जुने १२ फुटी नालीदार पत्रे पडून आहेत, गंज नाही. जोड न देता तेच वापरायचे तर आढं किती उंचीवर घ्यायचं? भाचा उलटं गणित करायला गेला तर कॅल्क्युलेटर एरर दाखवतो.

---

कैचीकाम

तिघांचंही चुकलंय, पण प्रत्येकाचं वेगळ्या जागी.

तुमच्यापासून सुरू करतो. १० फूट ९ इंच म्हणजे १०.९ फूट नव्हे. फुटात १२ इंच असतात, दहा नव्हेत. ९ भागिले १२ = ०.७५, म्हणून १०.७५. आपल्याकडे तोंडाने "पावणेअकरा" म्हणतात तेव्हा ही चूक होतच नाही. कॅल्क्युलेटरवर बोट ठेवलं की होते. शेवटी तीच चूक उलट्या बाजूने पुन्हा झाली: १३.११ फूट म्हणजे १३ फूट ११ इंच नव्हे, ०.११ × १२ = १.३ इंच, म्हणजे १३ फूट सव्वा इंच. त्या वाचनातच तुम्ही जवळजवळ दहा इंच पत्रा जास्त मागवणार होता.

आता नीट. कागदावर अर्ध्या कैचीचा (छपराखालच्या त्रिकोणी सांगाड्याचा) काटकोन त्रिकोण काढा. आडवी बाजू १०.७५, उभी ४, तिरकी म्हणजे कर्ण, तोच आपल्याला हवा आहे. काटकोन कुठे आहे ते आधी ठरवायचं: आढ्यावरून सोडलेला ओळंबा भिंतीच्या माथ्याच्या पातळीला जिथे मिळतो तिथे. कर्ण त्याच्या समोरचा.

१०.७५² = ११५.५६२५
४² = १६
बेरीज १३१.५६२५, वर्गमूळ ११.४७

०.४७ × १२ = ५.६४ इंच. म्हणजे आढ्यापासून भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ११ फूट ५ इंच ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

आता वळचण. भाच्याची चूक इथे आहे आणि ती हुशार माणसाची चूक आहे. त्याने आडवं अंतर दीड फुटाने वाढवलं, पण उंची ४ च ठेवली. चार फूट हा फरक आढं आणि *भिंतीचा माथा* यांतला. पत्रा भिंतीपुढे दीड फूट जातो तेव्हा तो उतरतही जातो. पावणेअकरा फुटांत चार, तर दीड फुटात किती? १.५ × ४ ÷ १०.७५ = ०.५६ फूट, म्हणजे पावणेसात इंच. वळचणीच्या टोकापर्यंतची खरी उंची ४.५६ फूट.

१२.२५² + ४.५५८² = १५०.०६ + २०.७८ = १७०.८४, वर्गमूळ १३.०७

१३ फूट आणि जेमतेम एक इंच. भाच्याच्या मापाने कापला असता तर पत्रा सव्वादोन इंच आखूड पडून वळचण दीड फुटाऐवजी १ फूट ४ इंच झाली असती. गुरं ओली होणार नाहीत एवढ्याने, पण दहावीच्या पेपरात गुण जातील.

हेच पुन्हा पुन्हा करायचं असेल तर वर्गमूळ एकदाच काढा: ११.४७ ÷ १०.७५ = १.०६७. हा तुमच्या उताराचा गुणक. उतार तोच ठेवून आडवं कितीही असो, १.०६७ ने गुणलं की तिरकं मिळतं. १२.२५ × १.०६७ = १३.०७. पुढे पडवीचा पत्रा त्याच उतारात काढलात तरी हाच गुणक.

बरं, तुमचा आकडा १३.११ खऱ्या १३.०७ च्या अर्ध्या इंचात कसा आला? ०.९ मुळे माप वाढलं, आणि वळचण तिरकी न मोजता आडवीच मिळवल्यामुळे कमी झालं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं. पुढच्या वेळी खातील याची खात्री नाही.

मागवताना १३ फूट सरळ सांगा. आढ्यावर दोन्ही पाखांचे पत्रे एकमेकांना टेकवत नाहीत, ओळंब्याच्या रेषेपासून एकेक इंच सोडतात, वरून रिजचा पत्रा बसतो. तो इंच तुमच्या १३ फूट १ इंचातून वजा झाला की १३ उरतात. रिजचा पत्रा दोन्हीकडे किमान सहा-सहा इंच यावा. तुमच्याकडचा वारा-पाऊस पाहता आठ घ्या.

जाता जाता: वळचणीचं टोक भिंतीच्या माथ्यापेक्षा पावणेसात इंच खाली येतंय. लांबीच्या भिंतीत दार असेल तर डोकं आपटेल का, ते आत्ताच बघून ठेवा. पत्रा आल्यावर नको.

---

उभाआडवा

वर्गमूळ मोबाईलवर निघतंच, पण छपरावर उभं असताना आकडा पटकन पडताळायचा असेल तर दोन गोष्टी.

पहिली, कर्णाची हद्द. तो दोन्ही बाजूंपेक्षा मोठा आणि दोघांच्या बेरजेपेक्षा लहान असलाच पाहिजे. इथे १०.७५ आणि १४.७५ यांच्या मध्ये. १३१ वगैरे आलं तर वर्गमूळ काढायचं राहिलं, १४.७५ आलं तर वर्ग करायचेच राहिले. मुलं हे दोन्ही करतात, मोठीही करतात.

दुसरी, तोंडी अंदाज. उतार फार उभा नसेल तर आडव्या बाजूत *उंचीचा वर्ग भागिले आडव्याची दुप्पट* मिळवा. १६ ÷ २१.५ = ०.७४, अधिक १०.७५, झालं ११.४९. खरं ११.४७. पाव इंच जास्त. ही रीत नेहमी थोडं जास्तच दाखवते, कमी कधीच नाही, आणि पत्र्याच्या बाबतीत चुकायचंच तर जास्तच्या बाजूने चुकलेलं बरं.

वर्गमूळ हाताने हवं असेल तर: ११.५ धरून बघा. १३१.५६२५ ÷ ११.५ = ११.४४. दोघांची सरासरी ११.४७. एका फेरीत काम होतं.

आता १२ फुटी पत्रे. एरर का येतो? दीड फूट वळचण धरून आडवं अंतर १२.२५ आहे आणि कर्ण तुम्ही १२ देताय. १२² − १२.२५² = १४४ − १५०.०६, ऋण. कॅल्क्युलेटर बरोबर सांगतोय. बारा फुटी पत्रा सव्वाबारा फूट झाकू शकत नाही, अगदी सपाट टाकलात तरी. कर्ण सगळ्यांत लांब बाजू. अज्ञात बाजू कर्ण असेल तर वर्गांची बेरीज, अज्ञात बाजू काटकोनाला लागून असेल तर कर्णाच्या वर्गातून वजाबाकी. वजाबाकी ऋण आली तर तसा त्रिकोणच नाही.

मग वळचण कमी करावी लागेल. किती कमी केली तर आढं कुठे जातं ते बघा:

वळचण ६ इंच: आडवं ११.२५. १४४ − १२६.५६ = १७.४४, वर्गमूळ ४.१८. ही आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंतची उंची. भिंतीपर्यंतची हवी म्हणून × १०.७५ ÷ ११.२५ = ३.९९. म्हणजे तुमचे ४ फूटच.

वळचण ९ इंच: आडवं ११.५. १४४ − १३२.२५ = ११.७५, वर्गमूळ ३.४३. भिंतीपासून आढं ३.२० फूट, म्हणजे ३ फूट अडीच इंच.

वळचण १ फूट: आडवं ११.७५. १४४ − १३८.०६ = ५.९४, वर्गमूळ २.४४. भिंतीपासून २.२३ फूट, म्हणजे २ फूट पावणेतीन इंच.

नीट बघा. वळचण तीन-तीन इंचांनी वाढतेय आणि आढं आधी साडेनऊ इंच, मग जवळजवळ फूटभर खाली कोसळतंय. याचं कारण वर्गांची वजाबाकी वेगळ्या तऱ्हेने लिहिली की दिसतं. १२² − ११.७५² म्हणजे (१२ − ११.७५) × (१२ + ११.७५) = ०.२५ × २३.७५. सगळी उंची त्या ०.२५ वर, म्हणजे फक्त तीन इंचांवर लटकलेली आहे. भिंतीची अर्धी रुंदी एक इंच चुकीची मोजलीत तर आढं पाच इंच चुकतं.

उलट कैचीकाम यांनी केलं त्यात, म्हणजे दोन काटकोनी बाजू मोजून कर्ण काढण्यात, चूक आटते. उंची एक इंच चुकली तर कर्णात फरक पडतो फक्त इंचाचा तिसरा भाग. रुंदीतला एक इंच जवळजवळ तसाच उतरतो, वाढत नाही.

म्हणून हाती असलेल्या पत्र्यावरून आढं ठरवू नका. आढं चार फुटांवर पक्कं करा आणि पत्रा त्याप्रमाणे घ्या.

---

कैचीकाम

वरच्याशी सहमत. जुने पत्रे टाकवत नसतील तर आढं चारलाच ठेवा आणि खाली तुकडा जोडा. लागणारे १३ फूट, पत्रा १२, जोडावर किमान सहा इंच लॅप. तुकडा किमान दीड फुटाचा, पावणेदोनचा घ्या म्हणजे लॅप नऊ इंच होतो. तुकडा वरच्या पत्र्याच्या *खाली* सारायचा, आणि जोडाखाली पर्लिन (पत्रा ज्यावर टेकतो ती आडवी पट्टी) आलीच पाहिजे, नाहीतर पहिल्या वाऱ्याला जोड फडफडतो. लॅप उताराच्या रेषेत मोजायचा असतो, त्याला पायथागोरस लावू नका. हेही लोक करतात.

उताराबद्दल: ४ ला १०.७५ म्हणजे साधारण २० अंश. पत्र्याला चांगला आहे. २ फूट पावणेतीन इंचाचं आढं केलंत तर १२ अंशांच्या खाली जाईल. तुमच्याकडच्या पावसात, लॅपचे जोड असताना, मी तसं करणार नाही.

---

देवरुखबाजू

खूप आभार, भाच्यालाही दाखवलं. तुमच्या बोलण्यावरून काल पाणसळ लावून बघितली तर दोन गोष्टी सापडल्या.

एक, मागची भिंत पुढच्यापेक्षा ९ इंच खाली आहे. चार फूट मी पुढच्या भिंतीपासून मोजले होते.

दोन, भिंतींच्या माथ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण ताणले. एक ३६ फूट १० इंच, दुसरा बरोबर ३७ फूट. समोरासमोरच्या भिंती सारख्या लांबीच्या आहेत. आता पत्र्याचं माप बदलणार का?

---

कैचीकाम

पहिल्याने बदलतं, दुसऱ्याने नाही.

आढं मध्यावरच ठेवलंत तर मागच्या पाखाला उंची ४ फूट ९ इंच, म्हणजे ४.७५. (४.९ नाही!)

१०.७५² + ४.७५² = ११५.५६ + २२.५६ = १३८.१२५, वर्गमूळ ११.७५. म्हणजे ११ फूट ९ इंच.

पुढचं पाख ११ फूट ५ इंच ५ सूत, मागचं ११ फूट ९. मागचा गुणक ११.७५ ÷ १०.७५ = १.०९३, वळचणीसकट १२.२५ × १.०९३ = १३.३९, म्हणजे १३ फूट पावणेपाच इंच. आढ्याचा इंच सोडून पावणेचार. मागच्या पाखाचे पत्रे १३ फूट ४ इंचाचे, पुढचे १३ चे. मागवताना दोन लांब्या स्वतंत्र लिहा आणि पत्रे उतरवून घेतल्यावर खडूने "मागे" असं लिहून ठेवा. चार इंचांचा फरक ढिगात दिसत नाही.

दोन्ही पाखांचा उतार सारखाच हवा असेल तर आढं मध्यावर राहत नाही, उंच भिंतीकडे सरकतं. तुमच्या मापांत फूटभर सरकेल. मग कैचीचे सगळे तुकडे दोन मापांचे कापावे लागतात. त्यापेक्षा मागच्या भिंतीवर ९ इंच चढवून पातळी करा. खर्च होईल, पण कैच्या सगळ्या एका साच्यात बनतील आणि पत्रा एकाच लांबीचा. मी असतो तर हेच केलं असतं.

पातळी मोजताना पाणसळ छोटी असेल तर साडेएकवीस फुटांवर भरवसा ठेवू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना खूण करा. नळीत बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, आणि बुडबुडा हमखास राहतो, म्हणून आधी नळीची दोन्ही तोंडं एकत्र धरून पाणी सारखं येतंय का ते बघायचं.

---

उभाआडवा

कर्णांचं मी घेतो.

काटकोनात असता तर दोन्ही कर्ण सारखे आले असते: २१.५² + ३०² = ४६२.२५ + ९०० = १३६२.२५, वर्गमूळ ३६.९१, म्हणजे ३६ फूट १० इंच ७ सूत. तुमचे एक त्याहून कमी, एक जास्त, सरासरी बरोबर तिथेच. म्हणजे टेप नीट ताणलाय आणि इमारत आयत नसून किंचित कललेला समांतरभुज चौकोन आहे. कर्णांतला फरक दोन इंच, त्याला १.१७ ने भागलं की ३० फुटांत किती कललं ते मिळतं: पावणेदोन इंच. १.१७ कुठून आलं? दोन्ही कर्णांच्या वर्गांतला फरक = ४ × २१.५ × कल. त्याला दोन कर्णांच्या बेरजेने, सुमारे ७३.८ ने, भागा.

भिंतींतलं लंब अंतर त्यामुळे बदलत नाही म्हणण्याइतकंच बदलतं, म्हणून पत्र्याची लांबी तीच. पण पहिला पत्रा कुठल्या भिंतीला धरून लावताय ते महत्त्वाचं. आडव्या, म्हणजे साडेएकवीस फुटी भिंतीच्या कडेला धरून लावलात तर पत्रे आढ्याशी काटकोनात बसणार नाहीत आणि वळचणीला करवतीसारखे दात येतील. आढ्याला दोरी बांधा, तिला काटकोन काढून पहिला पत्रा लावा, आणि आडव्या भिंतीपाशी जो सव्वा इंचाचा फरक दिसेल तो बाजूच्या पत्र्याखाली झाकला जाऊ द्या.

काटकोन काढताना गवंड्याचा गुण्या पुरणार नाही, तो दोन फुटांचा, तुमची रेषा तीस फुटांची. दोरीवर ३-४-५ काढतात, पण फुटातलं ३-४-५ सुद्धा लहानच. त्यात कर्णावर एक सूत चुकलं तर तीस फुटांवर दीड इंच सरकतं. तिप्पट करा, ९-१२-१५. तेच एक सूत आता फक्त अर्धा इंच हलवतं. टेप जेवढा लांब ताणता येईल तेवढा त्रिकोण मोठा घ्या.

एक सावधगिरी वाचकांसाठी: कर्ण सारखे आले म्हणजे काटकोन झाला असं नाही. समोरासमोरच्या बाजूही सारख्या असाव्या लागतात. एक आडवी भिंत २१ फूट आणि समोरची २२ असेल, दोन्हीकडून सारखी निमुळती, तरी कर्ण जुळतात आणि कोपरा एकही काटकोनात नसतो. प्रश्नकर्त्याने बाजू तपासल्यात म्हणून इथे अडचण नाही.

आणि भाच्यासाठी, कारण त्याला हे या वर्षी आहेच. पायथागोरसच्याच प्रकरणात पुढे अपोलोनियसचं प्रमेय येतं, ते मुलं पाठ करून सोडून देतात. तुमच्या वाकड्या कैचीचा ताळा त्याने होतो. दोन तिरक्या बाजूंच्या वर्गांची बेरीज: १३१.५६२५ + १३८.१२५ = २६९.६८७५. आता दोन भिंतींच्या माथ्यांना जोडणारी रेषा, ९ इंच उतरलेली: तिचा वर्ग २१.५² + ०.७५² = ४६२.८१२५. तिच्या मध्यावर आढ्यापासून सोडलेली मध्यगा म्हणजे ४ आणि ४.७५ ची सरासरी, ४.३७५. प्रमेय सांगतं: मध्यगेच्या वर्गाची दुप्पट अधिक अर्ध्या पायाच्या वर्गाची दुप्पट. ३८.२८१२५ + २३१.४०६२५ = २६९.६८७५. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं. मधला उभा खांब या तिरक्या रेषेला काटकोनात नाही, तरी जुळतं, हीच त्यातली मजा.

---

चौपाखी

विषयाला धरून एक भर. कुणी दोन पाखांऐवजी चार पाखांचं छप्पर करत असेल तर कोपऱ्यावरचा कोनवासा वेगळा काढावा लागतो, आणि तिथे हमखास साधा वासाच कोपऱ्यात वापरून बघतात नि तो चार फूट आखूड पडतो.

सगळ्या पाखांचा उतार सारखा असेल तर कोनवासा जमिनीवरच्या आराखड्यात ४५ अंशांत जातो. म्हणजे आधी आडवा कर्ण: १०.७५² + १०.७५² = २३१.१२५. याचं वर्गमूळ काढूच नका, कारण पुढच्या पायरीला त्याचा वर्गच लागणार. त्यातच उंचीचा वर्ग मिळवा: २३१.१२५ + १६ = २४७.१२५. आता वर्गमूळ, १५.७२. कोनवासा भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत १५ फूट ८ इंच ५ सूत. साधा वासा ११ फूट ५ इंच ५ सूत.

उंची चारच, पण आडवं अंतर वाढल्यामुळे कोनवाशाचा उतार पाखापेक्षा कमी असतो. त्याची टोकं पाखाच्या कोनात कापलीत तर सांध्यात फट राहते. कोन मोजायला जाण्यापेक्षा ४ ला १५.२ हे प्रमाण पाईपवर आखून घ्या.

---

देवरुखबाजू

मागची भिंत चढवायचं ठरवलं. शेवटचा प्रश्न: कैचीच्या पुढच्या अंगाला खांब आणि तिरका टेकू असे दोन तुकडे एकाच २० फुटी पाईपमधून काढायचे आहेत, काहीही वाया न घालवता. टेकूचा पाय खांबापासून ८ फुटांवर. खांब किती, टेकू किती? इथे तर एकच बाजू माहीत आहे.

---

उभाआडवा

एक बाजू आणि उरलेल्या दोघींची बेरीज माहीत आहे, तेवढं पुरतं. भास्कराचार्यांच्या लीलावतीतला मोडलेला बांबू हाच: बांबू ३२ हात, वाऱ्याने मोडून शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर मोडला कुठे?

वर सांगितलेलंच: कर्णाचा वर्ग वजा उभ्याचा वर्ग = फरक × बेरीज, आणि ते पायाच्या वर्गाइतकं. म्हणून पायाचा वर्ग भागिले बेरीज = फरक. बांबूला २५६ ÷ ३२ = ८. बेरीज ३२, फरक ८, म्हणून १२ हातांवर मोडला आणि तिरका तुकडा २० हातांचा.

तुमचं: ६४ ÷ २० = ३.२. टेकू (२० + ३.२) ÷ २ = ११.६ फूट, खांब ८.४ फूट. ताळा: ८.४² + ८² = ७०.५६ + ६४ = १३४.५६, आणि ११.६² तेवढंच.

इंचात: खांब ८ फूट ४.८ इंच, टेकू ११ फूट ७.२ इंच. आठ फूट चार इंच असं ८.४ ला वाचू नका.

---

कैचीकाम

आणि कटरच्या पात्याची जाडी? एका कापात सुमारे एक सूत जातं. ते टेकूतून जाऊ द्या, खांबातून नको. टेकूची टोकं तिरकी कापायची आहेत, त्यामुळे ११.६ हे मधल्या रेषेचं माप. पाईप दीड इंची असेल तर लांब बाजूने थोडं जास्तच लागतं, म्हणजे "काहीही वाया न घालवता" हे कागदावरच. टेकूचा पाय ८ ऐवजी पावणेआठवर आणा: ६०.०६ ÷ २० = ३.००, टेकू ११.५, खांब ८.५. खांब एक इंचाने वाढतो, आणि मापंही फूट-सहा इंचात येतात, कापणाऱ्याला लिहून द्यायची गरज नाही.

पण थांबा. वरची टेकूची लांबी खांबाच्या *माथ्यापर्यंत* आहे. तो खांबाला एक फूट खाली जोडणार असाल तर उभी बाजू एक फूट कमी धरून नव्याने काढा. खांब जमिनीत किती गाडताय ते कळवा, मग बघू.